भावाच्या कागदात सापडलेली ॲनी

न्यू यॉर्क टाइम्सच्या २ जानेवारी १८९२ च्या अंकात आदल्या दिवशीच्या एका सरकारी उद्घाटनाची बातमी आहे. न्यू यॉर्कच्या बंदरातल्या एलिस बेटावर, परदेशातून राहायला येणाऱ्यांची तपासणी करणारे नवे ठाणे सुरू झाले. 'जॉन ई. मूर' नावाची सजवलेली बोट 'नेव्हाडा' जहाजावरचे उतारू घेऊन धक्क्याला लागली आणि फळीवरून सर्वांत आधी गुलाबी गालांची एक आयरिश मुलगी खाली उतरली. नाव ॲनी मूर, वय १५, राहणार काउंटी कॉर्क, सोबत दोन धाकटे भाऊ. तिची नोंद आपल्या हाताने करण्याचा मान चार्ल्स हेन्डली या गृहस्थांनी खास मागून घेतला होता. दिवंगत अर्थमंत्री विंडम यांचे ते खासगी सचिव होते. ठाण्याचे प्रमुख कर्नल जॉन वेबर यांनी चार शब्द बोलून १० डॉलरचे सोन्याचे नाणे तिच्या हातावर ठेवले. बातमीदार सांगतो की अमेरिकेचे नाणे ती पहिल्यांदाच पाहत होती, एवढी रक्कम तिच्याजवळ कधी नव्हती, आणि हे नाणे मी कधी मोडणार नाही, आठवण म्हणून ठेवीन, असे ती म्हणाली.

त्याच बातमीत आणखी एक तपशील आहे. ही तीन भावंडे ३२ मनरो स्ट्रीट इथे राहणाऱ्या आपल्या आईवडिलांकडे निघाली होती. मनरो स्ट्रीट म्हणजे मॅनहॅटनचे दक्षिण टोक, ब्रुकलिन पुलाच्या जवळचा गरिबांचा भाग. पत्ता छापील, घरक्रमांकासह. पुढे कित्येक वर्षे ॲनी मूरची गोष्ट सांगणाऱ्यांनी हा पत्ता कसा ओलांडला, याचे मला अजून नवल वाटते.

एलिस बेटाचे ठाणे १९५४ साली बंद झाले. तोपर्यंत सुमारे १ कोटी २० लाख माणसे तिथून अमेरिकेत शिरली होती. पडक्या इमारतीची डागडुजी होऊन १९९० साली तिथे संग्रहालय उघडले. कोट्यवधी अमेरिकन कुटुंबांच्या लेखी ते बेट म्हणजे घराण्याच्या गोष्टीचे पहिले पान. साहजिकच त्या रांगेत सर्वांत पुढे उभी असलेली मुलगी कोण, तिचे पुढे काय झाले, हे प्रत्येकाला हवे होते. आणि उत्तर तयारच होते.

ते असे. ॲनी मूर न्यू यॉर्कात फार दिवस राहिली नाही. घरच्यांबरोबर ती पश्चिमेकडे गेली, टेक्सासला पोचली. तिथे तिने पॅट्रिक ओ'कॉनेल नावाच्या माणसाशी लग्न केले. आयरिश कॅथलिकांना राजकीय हक्क मिळवून देणारे डॅनियल ओ'कॉनेल यांच्याच कुळातला हा पुरुष. संसार न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिसला झाला. पुढे वैधव्य आले, आणि शेवटी टेक्सासमधल्या फोर्ट वर्थजवळ ट्रामची धडक बसून ती गेली. टेक्सासच्या या ॲनीच्या वंशजांना समारंभांची आमंत्रणे जात. पुस्तकांत, शाळेच्या धड्यांत, प्रवाशांसाठीच्या माहितीपत्रकांत हीच हकिकत छापली जाई.

अमेरिकन माणसाला आपली गोष्ट जशी ऐकायला आवडते, तशी ही होती. गरीब मुलगी बोटीतून उतरते, मोकळ्या माळरानाकडे जाते, थोर कुळात पडते आणि तिचा अंतही चारचौघींसारखा होत नाही. आपल्याकडे बखरी वाचणाऱ्याला हा घाट ओळखीचा वाटेल. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या पहिल्या खंडाला प्रस्तावना लिहिली, तेव्हा बखरींची अशीच झडती घेतली होती: सांगणारा सांगत जातो, ऐकणारा मान डोलावतो, आणि त्या काळचा एक अस्सल कागद समोर ठेवला की तिथी, स्थळ, माणसे, सगळे सरकू लागते. बखरकार दर वेळी खोटे बोलत असतो असे नाही. त्याने ऐकलेले असते, आणि ऐकलेले त्याला पटलेले असते. टेक्सासच्या कुटुंबानेही कोणाला फसवले असे मला वाटत नाही. घरात आईचे नाव ॲनी मूर, आणि वर्तमानपत्रांत पहिल्या मुलीचे नाव ॲनी मूर. दोन्ही शेजारी ठेवायला एक पिढी पुरते.

मुळात हे नावच असे की त्याच्या भरवशावर राहू नये. आयरिश घरांत ॲनी पावलोपावली, आणि मूर आडनाव तर इतके सर्रास की त्या सकाळी मूर भावंडांना किनाऱ्यावर आणणारी बोटही मूरच निघाली.

या शतकाच्या सुरुवातीला मेगन स्मोलेन्याक या अमेरिकन वंशावळकार बाई एका माहितीपटाच्या कामासाठी स्थलांतरितांचे कागद चाळत होत्या. याच बाईंनी पुढे बराक ओबामांच्या आईकडचे एक मूळ आयर्लंडमधल्या मनीगॉल या खेड्यापर्यंत नेऊन भिडवले. टेक्सासच्या ॲनीची कहाणी सर्वमान्य होती. तिला कागदाचा टेकू द्यावा एवढेच त्यांच्या मनात असावे. अमेरिकेच्या त्या काळच्या जनगणनेत माणसाच्या नावापुढे त्याचा जन्म कुठल्या राज्यात वा देशात झाला हे लिहिलेले असे. टेक्सासच्या ॲनीपुढे आयर्लंड असायला हवे होते. होते इलिनॉय. ही बाई अमेरिकेतच जन्मली होती. जी परदेशातून आलीच नाही, ती परदेशातून आलेल्यांतली पहिली कशी असेल?

एका रकान्याने दंतकथा मोडली. पण पाडणे सोपे असते. त्या जागी कोणाला उभे करायचे, हा प्रश्न पुढची काही वर्षे तसाच राहिला.

हे काम अवघड का, ते आधी पाहू. कारण ॲनीसारख्या बाईचे कागद हरवण्यात नशिबाचा जेवढा हात, तेवढाच कायद्याचा आणि रिवाजाचाही आहे.

आधी आयर्लंड. ॲनीचा जन्म कॉर्कचा, २४ एप्रिल १८७४ चा. तिच्या लहानपणी १८८१ ची खानेसुमारी झाली. त्या वेळी ती सहा वर्षांची. कॉर्कच्या कुठल्या घरात, किती माणसांत, वडिलांचा धंदा काय, हे सगळे त्या तक्त्यांत असणार. पण १८८१ आणि १८९१ चे तक्ते पहिल्या महायुद्धाच्या काळात कागदाचा लगदा करण्यासाठी देऊन टाकले गेले. त्याहून जुने जे उरले होते त्यातले बहुतेक १९२२ च्या जूनमध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधले अभिलेखागार यादवीत जळाले तेव्हा गेले. उरली ती गावोगावच्या कॅथलिक पाद्र्यांच्या कपाटांतली बाप्तिस्म्याची वह्याबाडे आणि १८६४ पासूनच्या सरकारी जन्मनोंदी.

आता अमेरिका. ॲनीचे आईवडील, मॅथ्यू आणि जूलिया, १८८८ साली पुढे गेले होते आणि ही मुले मागे राहिली होती. आधी कर्त्यांनी जायचे, बस्तान बसवायचे, भाड्याचे पैसे साठले की मुलांना बोलावून घ्यायचे, ही त्या काळची नेहमीची रीत. म्हणजे १८९० च्या अमेरिकन जनगणनेच्या वेळी मूर दांपत्य न्यू यॉर्कात होते. पण त्या जनगणनेचे कागद वॉशिंग्टनच्या एका तळघरात ठेवलेले असताना १० जानेवारी १९२१ ला आग लागली. आगीने आणि पाण्याने जे अर्धवट उरले तेही पुढे नष्ट करण्यात आले. सव्वासहा कोटींच्या देशातली सहाएक हजार नावे तेवढी शिल्लक आहेत. एलिस बेटावरचे ते नवे ठाणेही पाइन लाकडाचे होते. उघडल्यावर साडेपाच वर्षांतच, १५ जून १८९७ च्या रात्री, ते खाक झाले. माणूस एकही दगावला नाही, पण तिथे साठवलेली १८५५ पासूनची दप्तरे गेली.

'नेव्हाडा'ची उतारूंची यादी मात्र वाचली. कारण साधे आहे. जहाजाच्या कप्तानाला उतारूंची यादी जकातखात्याकडे द्यावी लागे. ते दप्तर वेगळ्या ठिकाणी होते. एकाच माणसाची नोंद दोन खात्यांनी ठेवलेली असली की संशोधकाला तो द्विरुक्तीचा कंटाळा वाटत नाही, हे दप्तरखान्यांत वावरणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

त्या यादीवरून आणि त्या दिवसांच्या बातम्यांवरून प्रवास असा जुळतो. 'नेव्हाडा' हे गियॉन कंपनीचे जहाज क्वीन्सटाउनहून, म्हणजे आजच्या कोव्हहून, २० डिसेंबर १८९१ ला निघाले. जहाजाच्या पोटातल्या स्वस्त वर्गात १४८ उतारू. नाताळ समुद्रावर गेला. बाराव्या दिवशी, ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी, ते न्यू यॉर्कला लागले. त्या दिवशीची तपासणी संपली होती. आणखी एक रात्र जहाजावर काढून सकाळी उतरायचे. तेवढ्या उशिरामुळे ॲनी पहिली ठरली.

आणि वय? बातमीत १५. पुढे कोणी तरी त्यात भर घातली की त्या दिवशी तिचा पंधरावा वाढदिवस होता. जन्मतारखेचा हिशेब केला तर त्या सकाळी ती १७ वर्षे ८ महिन्यांची होती. भाऊ अँथनी आणि फिलिप नुकतेच १५ आणि १२ पूर्ण केलेले. लहान मुलांना भाडे कमी पडे, म्हणून घरचे वय उतरवून सांगत. इथेही तेच झाले असावे हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण फरक नुसता आकड्याचा नाही. १५ वर्षांची गोंडस मुलगी म्हटले की एक चित्र उभे राहते. १७ वर्षांची थोरली बहीण, आईबापांवाचून काढलेल्या वर्षांनंतर दोन भावांना घेऊन हिवाळ्यात अटलांटिक ओलांडणारी, हे चित्र निराळे आहे. वाढदिवसाच्या त्या गोड गोष्टीने तिच्याकडून हे मोठेपण काढून घेतले.

आता रिवाज. आपल्याकडचे कुलवृत्तांत उघडून पाहावेत. मुलग्याच्या नावाखाली त्याचे शिक्षण, नोकरी, मुलेबाळे, नातवंडे, पानेच्या पाने. मुलीच्या नावापुढे सासरचे आडनाव आणि गाव. तिथे तिची शाखा संपते. आपल्याकडे तर पाळण्यातले नावही सासरी बदलत असे. कल्याणला जन्मलेली यमुना जोशी शोधू जाल तर ती एका टप्प्यावर नाहीशीच होते, आणि तिथून आनंदीबाई सुरू होतात. त्या १८८३ च्या जूनमध्ये न्यू यॉर्कच्याच बंदरात उतरल्या, ॲनीच्या साडेआठ वर्षे आधी, शिकण्यासाठी. आनंदीबाईंची पत्रे आहेत, कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ साली इंग्रजीत लिहिलेले चरित्र आहे, काशीबाई कानिटकरांनी मराठीत लिहिलेले आहे. त्यांचा आवाज आपल्यापर्यंत येतो. ॲनीची ओळख सांगायला आहेत त्या सरकारी आणि चर्चच्या नोंदी, आणि त्यांत ती बोलत नाही. कोणी तरी तिला विचारतो आणि आपल्या हाताने लिहितो.

अमेरिकेत पहिले नाव टिकत असे, आडनाव जात असे. त्यात कायद्याची भर. १८५५ च्या कायद्याप्रमाणे परदेशी बाईने अमेरिकन नागरिकाशी लग्न केले की ती आपोआप नागरिक होई. तिला अर्ज नको, शपथ नको, दाखला नको. बायकोचे नागरिकत्व नवऱ्याच्या नागरिकत्वापासून सोडवणारा केबल कायदा १९२२ च्या सप्टेंबरमध्ये आला. म्हणजे पुरुष परदेशातून आला तर कधी ना कधी कोर्टापुढे उभा राहून जन्म, गाव, आल्याची तारीख सांगतो आणि त्याचा कागद होतो. त्याच्याच बहिणीचा असा कागद होतच नाही. सवलत म्हणून दिलेली गोष्ट शंभर वर्षांनी शोधणाऱ्याला भिंत होऊन आडवी येते.

म्हणून ॲनीला ॲनीच्या नावाने शोधून उपयोग नव्हता. २००६ च्या उन्हाळ्यात स्मोलेन्याक यांनी खरी ॲनी सापडवून देणाऱ्याला १,००० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. न्यू यॉर्क शहराच्या अभिलेख खात्याचे आयुक्त ब्रायन अँडरसन यांनी त्यात लक्ष घातले, आणि हाती आला तो धाकट्या भावाचा, फिलिपचा, नागरिकत्वाचा दाखला. वर्षानुवर्षे न उलगडलेला गुंता त्यानंतर काही आठवड्यांत सुटला.

भावाचे आडनाव बदललेले नव्हते. त्याच्या दाखल्यावरून तो न्यू यॉर्कातच राहिला हे ठरले; म्हणजे मूर कुटुंब टेक्सासला गेले ही गोष्ट मुळातच गेली. दाखल्यावरून पुढे जनगणनेचे तक्ते. अमेरिकेत जनगणनेचे व्यक्तिगत तक्ते ७२ वर्षे बंद असतात. १९३० चे तक्ते २००२ च्या एप्रिलमध्येच खुले झाले होते. याच कामाला दहा वर्षे आधी कोणी हात घातला असता तर तो इथे अडला असता. तक्त्यांवरून फिलिपची पुढची पिढी, तिच्यावरून हयात नातेवाईक. त्यांच्या घरात ही गोष्ट माहीत होती. आपली ॲनी एलिस बेटावरची पहिली, हे ते ऐकत आलेले होते. बाहेर टेक्सासच्या बाईची पूजा चालली होती आणि यांना कोणी विचारले नव्हते. १४ सप्टेंबर २००६ ला ही हकिकत छापली गेली, ती पुन्हा न्यू यॉर्क टाइम्समध्येच. पत्ता छापल्याला तोवर जवळजवळ ११५ वर्षे झाली होती.

मग ॲनीचे आयुष्य कसे गेले? ती कुठेच गेली नाही. मनरो स्ट्रीटवर उतरली आणि त्याच चार गल्ल्यांत, लोअर ईस्ट साइडच्या चाळवजा इमारतींत, तिने जन्म काढला. पश्चिम नाही, माळरान नाही.

त्या गल्ल्या कशा होत्या हे मात्र चांगले ठाऊक आहे, कारण त्याच सुमाराला लोक तिथे कॅमेरे घेऊन येऊ लागले होते. जेकब रीस यांचे या वस्त्यांवरचे गाजलेले पुस्तक १८९० साली आले. पाचमजली इमारती, मधल्या खोल्यांना खिडकी नाही, जिन्यात अंधार, नळ आणि संडास सामाईक. मनरो, चेरी, कॅथरीन आणि मार्केट या रस्त्यांनी वेढलेल्या एका चौकात क्षयाचे मरण इतके होते की त्याचे नावच 'लंग ब्लॉक', फुप्फुसांचा चौक, असे पडले. तो पाडून १९३४ साली तिथे निकरबॉकर व्हिलेज ही वसाहत उभी राहिली. आज तिथे गेले तरी ॲनीने पाहिले त्यातले फारसे दिसत नाही.

१८९५ साली, सेंट जेम्स चर्चमध्ये, तिचे जोसेफ ऑगस्टस शायर याच्याशी लग्न झाले. शायर हा जर्मन कॅथलिक स्थलांतरितांचा मुलगा. आयरिश मुलगी आणि जर्मन घरातला मुलगा. दोघांना जोडणारी गोष्ट म्हणजे धर्म आणि वस्ती. नवऱ्याचा रोजगार दोन ठिकाणी दिसतो: कधी तो बेकरीत कामाला आहे, कधी फुल्टन मासळी बाजारात विक्रेता. फुल्टन बाजार म्हणजे ईस्ट नदीच्या काठचा घाऊक बाजार. रात्री बोटी लागायच्या, पहाटे सौदे व्हायचे, उजाडेपर्यंत बर्फाच्या पाण्याने रस्ते वाहायचे. २००५ साली तो तिथून हलून ब्रॉन्क्समध्ये गेला.

इथे एक समांतर आयुष्य आठवते. याच सेंट जेम्सच्या हद्दीत, ॲनीहून चारच महिन्यांनी मोठा असा एक मुलगा वाढला आणि वडील गेल्यावर शाळा सोडून याच मासळी बाजारात कामाला लागला. तो म्हणजे ॲल स्मिथ. पुढे न्यू यॉर्क राज्याचा गव्हर्नर झाला आणि १९२८ साली राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिलेला मोठ्या पक्षाचा पहिला कॅथलिक उमेदवार ठरला. आपण पदवी फुल्टन फिश मार्केटची घेतली, असे तो मिरवून सांगे. त्याच्यावर चरित्रे आहेत. त्याच गल्लीत, त्याच चर्चमध्ये दर रविवारी जाणाऱ्या बाईविषयी लिहायचे तर तिच्या मुलांच्या मृत्यूंपाशी थांबावे लागते.

ॲनीला किमान ११ मुले झाली. मोठी होईपर्यंत जगली पाच.

हे आकडे कुठून जुळतात? १९०० आणि १९१० च्या अमेरिकन जनगणनेत लग्न झालेल्या बाईला दोन प्रश्न विचारत: आजवर किती मुले झाली, आणि त्यांतली हयात किती. दोन शेजारशेजारचे अरुंद रकाने. गणनेचा माणूस जिना चढून येई, दारात उभा राहून विचारी, बाई सांगे, तो दोन आकडे टिपून पुढच्या दाराकडे वळे. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की बाईच्या आयुष्यातला मोठा भाग उरतो. १९२० पासून हे रकाने काढून टाकले. त्याला जोड म्हणून शहराचे जन्ममृत्यूचे दाखले आणि दफनभूमीच्या वह्या: दोन गणनांच्या मधल्या दहा वर्षांत जन्मून गेलेले मूल नावानिशी कुठल्याच गणनेत येत नाही, ते फक्त तिथे सापडते. 'किमान ११' यातला 'किमान' हा शब्द त्यासाठी.

त्या वस्तीत हे प्रमाण फार वेगळे नव्हते. उन्हाळा लागला की दूध नासे आणि तान्ही मुले जुलाबाने जात. नेथन स्ट्रॉस या व्यापाऱ्याने १८९३ साली लोअर ईस्ट साइडला पाश्चराइज केलेल्या दुधाची केंद्रे सुरू केली ती याचसाठी. ॲनीच्या मुलांच्या बाबतीत नेमके कारण मी लावू पाहत नाही. पण दिवस कसे असतील ते दिसते. लग्नानंतरच्या वर्षांत एक तर पोटात, एक कडेवर, आणि मधूनच क्वीन्समधल्या कॅल्व्हरी दफनभूमीची फेरी. तिच्या पिढीच्या न्यू यॉर्कमधल्या गरीब कॅथलिकांची सारी वाट त्या एका दफनभूमीकडे जाई.

६ डिसेंबर १९२४ ला ॲनी हृदयविकाराने गेली. वय ५०. ॲल स्मिथ महिन्याभरापूर्वीच पुन्हा गव्हर्नर निवडून आला होता. तिला कॅल्व्हरीत, आधी गेलेल्या काही मुलांजवळ, पुरले. वर दगड नव्हता.

तो २००८ साली बसला. आयर्लंडहून आणलेल्या निळसर चुनखडीचा केल्टिक क्रूस ११ ऑक्टोबरला उघडला, तेव्हा तिचे आणि फिलिपचे वंशज आले होते. आता त्या कुटुंबात आयरिश आडनावे आहेत, ज्यू आहेत, इटालियन आहेत, स्कँडिनेव्हियन आहेत. टेक्सासची ॲनी सांगणाऱ्यांना जी 'अमेरिकेची गोष्ट' हवी होती ती इथेच, मासळी बाजाराच्या मागे, घडत होती; फक्त ती घडायला तीन पिढ्या लागल्या आणि तिच्यात ट्रामचा अपघात नव्हता.

टेक्सासच्या कुटुंबाबद्दल थोडे वाईट वाटते. त्यांची आजी कोणी तोतया नव्हती. ती इलिनॉयमध्ये जन्मली, पश्चिमेला कष्टाचे आयुष्य जगली आणि रस्त्यात मेली. तिचे ते आयुष्यही कागदांत आहे. दुसऱ्या बाईचे नाव तिच्यावर चढवल्यामुळे इतकी वर्षे तेही कोणी नीट वाचले नाही.

ॲनीचे दोन पुतळे आहेत, दोन्ही जीन राइनहार्ट या आयरिश शिल्पकार बाईंचे, दोन्ही १९९३ सालचे. म्हणजे ते घडले तेव्हा जग टेक्सासच्याच ॲनीला ओळखत होते. एलिस बेटावरच्या पुतळ्यात ती एकटी आहे: एका हातात बॅग, दुसरा हात टोपीवर. कोव्हच्या धक्क्यावरच्या पुतळ्यात ती मागे वळून पाहते आहे आणि तिच्याजवळ दोघे भाऊ उभे आहेत. त्यातला धाकटा फिलिप.